कॅरोलायनाचं उखळ आणि आजीचं व्हायन: मळ्यांवर भात कसं सडलं जायचं

माहेर_आचरा (धागालेखिका)

मागच्या महिन्यात आम्ही साउथ कॅरोलायनात जॉर्जटाऊनच्या बाजूला जाऊन आलो. समुद्र जवळ, नद्या संथ, भरतीचं पाणी मैलोन् मैल आत चढतं. आपली खाडी आठवावी असाच मुलूख. तिथल्या एका जुन्या भातमळ्याच्या कोठारात कोपऱ्यात उखळ ठेवलं होतं. सायप्रसचं खोड, कमरेच्या जरा खाली येईल एवढं उंच, वरून पोखरलेलं. शेजारी मुसळ, दोन्ही टोकांना जाड आणि मधे मुठीत मावेल असं. भिंतीवर गवत वळून शिवलेली एक उथळ, गोल टोपली. नवरा म्हणाला, ही परात कसली? मी म्हटलं, परात कसली, सूप आहे ते.

आमच्या आचऱ्याच्या घरी मागच्या पडवीत जमिनीत बसवलेलं व्हायन, म्हणजे दगडी उखळ, होतं. आठ-नऊ वर्षांची असताना आजीने मुसळ हातात दिलं तेव्हा मी धपाधप हाणायला लागले. आजीने हात धरला. "हाणू नको गो, दाण्यावर दाणो घासूक व्हयो." मुसळ नुसतं पडू द्यायचं आणि तळाला टेकताना मनगट किंचित वळवायचं, म्हणजे आतलं भात वर येतं आणि वरचं आत जातं. टरफल निघतं ते दाण्यांच्या आपसातल्या घासण्याने, मुसळाच्या माराने नव्हे. जोर लावलात की कणी झालीच.

कोठारातल्या वाटाड्याने सांगितलं की १७८७ साली जोनाथन लुकस नावाच्या इंग्रज कारागिराने पाण्यावरची भातगिरणी उभारली आणि त्याआधी इथे "काही तंत्रच नव्हतं, नुसती अंगमेहनत होती". हे वाक्य मला फार लागलं. घरी आल्यापासून जमेल तेवढं वाचते आहे, म्हणून हा धागा.

भात इथे सतराव्या शतकाच्या शेवटी रुजलं. मळेवाले इंग्रज आणि फ्रेंच. त्यांना गहू-बार्लीची सवय, भाताची नाही. गव्हाचं पीठ करायचं असतं, त्यामुळे दाणा फुटला तरी बिघडत नाही. तांदूळ अख्खा राहिला तरच त्याला भाव. जे लोक गुलाम म्हणून आणले गेले त्यातल्या अनेकांच्या गावी, सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओन-लायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात, भात हेच रोजचं अन्न होतं. नायजर नदीच्या आतल्या खोऱ्यात त्यांनी आपल्या भाताहून वेगळी, स्वतःची भाताची जात दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच लागवडीखाली आणली होती.

मळ्यावरचा क्रम असा. कापणी विळ्याने. पेंढ्या वाळल्या की झोडणी. मग वारवणं. त्यासाठी पुढे पुढे खांबांवर एक लाकडी खोली बांधत, तिच्या तळाला जाळी. झोडलेलं भात वरून सोडायचं, खाली पडता पडता वारा फोल उडवून नेतो. जॉर्जटाऊनजवळ मॅन्सफिल्ड मळ्यावर अशी खोली अजून उभी आहे. मग उखळात सडणं, टोपलीत पाखडणं, पुन्हा सडणं, पुन्हा पाखडणं. पहिल्या सडणीत टरफल जातं, दुसऱ्या सडणीत वरचा तांबूस कोंडा. शेवटी चाळणी. अख्खा तांदूळ पिंपात भरून युरोपला. कणी मागे राहायची, ती राबणाऱ्यांच्या पोटात.

आफ्रिकेत सडणं-पाखडणं हे बायकांचं काम होतं. घराला पुरेल एवढं भात, रोज सकाळी, दोघी-तिघी मिळून एका उखळात आळीपाळीने मुसळ टाकत. तेच काम इथे हिवाळाभर चालणारं, पिंपांच्या हिशेबाचं झालं, आणि पुरुषांनाही जुंपलं. अलेक्झांडर गार्डन हा चार्ल्सटनचा डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्रज्ञ (गार्डेनिया हे नाव त्याच्यावरूनच). त्याने १७५५ मध्ये लिहून ठेवलं आहे की मालकांची हाव भागवताना या कष्टांनी कित्येक गुलामांचे जीव गेले. मळेवाल्यांच्याच वर्तुळात वावरणारा माणूस हे लिहितो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. लुकसच्या आधी शंभर वर्षं इथे तंत्र होतं. ते मनगटात होतं, म्हणून कुणाच्या नावावर लागलं नाही.

---

नलूताई

फार छान लिहिलंस गं. आमच्याकडे सडताना दोघींची मुसळं एकमेकींवर आपटू नयेत म्हणून तोंडाने "हुं… हुं…" असा ठेका धरायच्या. एकीचा ठेका चुकला की दुसरीच्या बोटांवर. माझ्या मोठ्या चुलतीच्या नखावर शेवटपर्यंत तो काळा डाग होता.

---

पेणकर_काका

वाचतो आहे. एक शंका. भरतीचं पाणी शेतात घ्यायचं म्हणजे खारं पाणी घुसणार, भात जळून जाईल. आम्ही रायगडातले खारभूमीवाले. बांध घालून समुद्र बाहेर ठेवण्यातच आमचं आयुष्य गेलं. बांधात उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर ढकलते, भरतीला आपोआप मिटते. हे लोक उलटं कसं करत होते?

---

मडगांवचो

काका, गोव्यात खाजण शेतीत त्या दाराला मानस म्हणतात. तिथेही काम तेच, भरती बाहेर ठेवणं. उलटी रीत मलाही नवीन आहे.

---

माहेर_आचरा

काका, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. त्यांचे मळे समुद्रकाठावर नव्हते, नदीत आत होते. भरती चढते तेव्हा खारं पाणी जड म्हणून खाली राहतं आणि नदीचं गोडं पाणी वर उचललं जातं. जिथे गोडं पाणी वर-खाली होतं पण मीठ पोचत नाही, अशा मोजक्याच पट्ट्यात ही शेती चालली. फार खाली गेलं तर खारं, फार वर गेलं तर भरतीचा जोर नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही पद्धत पसरली. बांध-कालवे सगळे फावड्या-कुदळीने, गुडघाभर चिखलात उभं राहून खणलेले.

दाराला तिथे "ट्रंक" म्हणतात, कारण सुरुवातीला ते सायप्रसचं पोकळ खोडच असायचं, बांधातून आरपार घातलेलं, तोंडाला बूच. नंतर दोन्ही बाजूंना झडपा असलेली लाकडी पेटी आली, तरी नाव ट्रंकच राहिलं. गिनीच्या किनाऱ्यावर खारफुटी तोडून भात लावणारे लोक बांधात असंच पोकळ खोड घालत. तुमची उघाडी, मडगांवकरांचा मानस आणि ही ट्रंक, तिन्हीची कल्पना एकच: पाण्याच्याच दाबाने दार लागावं आणि उघडावं.

मळ्यावर ट्रंक सांभाळणारा एक जाणता माणूस असे. तो गुलामच, पण पाणी किती वेळ ठेवायचं आणि कधी सोडायचं हे त्याच्या शब्दावर ठरे.

---

चिकित्सक

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. भाताचं ज्ञान आफ्रिकेतून आलं ही मांडणी इतिहासकारांत सर्वमान्य नाही. पीटर वूड यांनी १९७४ मध्ये ती मांडली, ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मध्ये पुढे नेली. २००७ मध्ये एल्टिस, मॉर्गन आणि रिचर्डसन या तिघांनी गुलामांच्या जहाजांच्या नोंदी तपासून आक्षेप घेतला. भातवाल्या प्रदेशातले लोक मुद्दाम निवडून आणले असं आकड्यांवरून दिसत नाही, मोठ्या संख्येने लोक अंगोलाकडूनही आले, असं त्यांचं म्हणणं.

शिवाय लाकडाच्या खोडाचं उखळ तिथल्या मूळ अमेरिकन लोकांकडेही होतं. ते त्यात मका कांडायचे. मग उखळ आफ्रिकेचंच कशावरून?

---

माहेर_आचरा

चिकित्सक, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि ते आलेच पाहिजेत. जहाजांच्या आकड्यांबद्दल मी वाद घालणार नाही. शेतात बांध कुणाच्या डोक्यातून निघाले, इंग्रजांना नेदरलँड्सची पाणशेती माहीत होती का, हे प्रश्न खुले आहेत.

पण उखळाबद्दल माझं मत पक्कं आहे. मका कांडतात तो फोडण्यासाठी. भात सडतात ते न फोडण्यासाठी. भांडं एकच, पण हाताचं काम अगदी उलटं. मक्याच्या उखळावर शिकलेला हात भातावर घातला तर निम्मी कणी होईल. आणि पिंपातला तांदूळ अख्खा आहे की नाही यावरच मळेवाल्याचा भाव ठरायचा, म्हणजे हे कसब कुणाकडून तरी आलंच. तशीच पाखडायची टोपली. गवताच्या जुड्या गोल गोल वळत पामच्या पट्टीने शिवायची ही वीण सेनेगांबियातल्या टोपल्यांशी जुळते, असं अभ्यासक दाखवतात.

भातवाल्या मुलखातून दहात दोनच माणसं आली असली, तरी एका मळ्यावरच्या वीस जणींना शिकवायला एक जाणती बाई पुरते. मी आजीकडून शिकले तेव्हा आमच्या घरात शिकवणारी एकटी तीच होती.

---

चिकित्सक

कणीचा मुद्दा पटला. असा विचार केला नव्हता.

---

गिरणवाला

आमची कणकवलीजवळ भाताची गिरण आहे. हलर, म्हणजे टरफल काढायचं यंत्र, वडिलांनी बसवला, आता मी बघतो. त्यामुळे लुकसच्या गिरणीबद्दल वाचायची उत्सुकता होती, रात्री बसून वाचलं.

गंमत बघा. ती गिरणी म्हणजे आपल्या परसातल्या सगळ्या वस्तू एका ओळीत मांडून पाण्याच्या चाकाला जोडलेल्या. आधी जात्यासारखे दोन दगड. त्यांच्यातलं अंतर असं ठेवायचं की टरफल तडकेल पण दाणा भरडला जाणार नाही. आपल्याकडे घिरट, म्हणजे भात भरडायचं जातं, हेच करायचं, तेही सडण्याच्या आधी. मग पंखा, टरफल उडवायला: हे वारवणं. मग मुसळांची रांग. टोकांना लोखंड बसवलेली लाकडी मुसळं, चाकाच्या दांड्यावरचे दाते ती वर उचलतात आणि सोडतात, खाली उखळं. मग फिरत्या चाळण्या: अख्खा वेगळा, मधला वेगळा, कणी वेगळी. शेवटी ब्रशने घासून चकाकी.

म्हणजे लुकसने सडण्याची नवी रीत शोधली नाही. रीत तीच ठेवली आणि माणसाच्या हातांच्या जागी चाक बसवलं. त्याचं श्रेय मी कमी करत नाही. यंत्राच्या मुसळांच्या मारात दाणा अख्खा ठेवणं किती अवघड आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? भात जरा ओलं असेल तर दाणा चेपतो, फार वाळलं असेल तर तडकतो. गिऱ्हाईक पोतं टाकतं तेव्हा मी आधी चार दाणे दाताखाली घेतो. कट्ट असा आवाज आला तर घ्यायचं, नाहीतर सांगायचं, अजून एक ऊन दाखवून आण.

पण उखळ-मुसळ होतं म्हणून त्याच्यापुढे नमुना होता.

---

माहेर_आचरा

गिरणवाला, किती सुंदर सांगितलंत! "परसातल्या वस्तू एका ओळीत" हे मी वहीत लिहून घेतलं.

तुमच्या प्रतिसादाला थोडी भर. यंत्राचे प्रयत्न लुकसच्या फार आधीपासून चालू होते. १६९१ मध्येच पीटर जेकब गेरार याला भात सडायच्या "लंबक यंत्रा"बद्दल कॅरोलायनाच्या विधानसभेने हक्क दिले होते. पुढे बैलांवर चालणारी मुसळं आली. पण अठराव्या शतकात बहुतेक तांदूळ हातानेच सडला गेला.

लुकस इंग्लंडातल्या कंबरलँडचा. पहिली गिरणी १७८७ च्या सुमारास सँटी नदीवर. त्यानंतर त्याने भरतीवर चालणाऱ्या गिरण्या बांधल्या. भरती चढताना पाणी तळ्यात घ्यायचं, दार बंद, ओहोटी लागली की तेच पाणी चाकावर सोडायचं. नदीला उतार नसला तरी चालतं. १८१७ मध्ये चार्ल्सटनला वाफेवरची गिरणी सुरू झाली. १८२० च्या दशकात त्याचा मुलगा इंग्लंडला गेला, कारण तोवर न सडलेलं भातच जहाजाने नेऊन तिथे सडणं फायद्याचं झालं होतं.

---

सानिका_क

म्हणजे गिरणी आल्यावर गुलामांचे कष्ट तरी कमी झाले ना? तेवढं तरी चांगलं.

---

माहेर_आचरा

सानिका, मलाही आधी असंच वाटलं होतं. मुसळाचे कष्ट कमी झाले, हे खरं. ज्यांच्या खांद्यावरून ते उतरले त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट असणार.

पण भाताचे मळे कामाच्या नेमणुकीवर चालत. दर माणशी रोजचा ठरलेला तुकडा, साधारण पाव एकर, तो पुरा करायचा. हिवाळ्यात सडण्यातून सुटलेले हात मालकांनी बांध दुरुस्तीला, कालवे उपसायला, नवी दलदल तोडायला लावले. गिरणीला जास्त भात पुरवायचं तर जास्त खाचरं हवीत. ब्रुकग्रीनचा जोशुआ जॉन वॉर्ड हा भाताच्याच जोरावर अमेरिकेतला सर्वांत मोठा गुलाममालक झाला, एक हजारावर माणसं त्याच्या मालकीची. हे सगळं गिरण्या आल्यानंतरचं. १८४९ च्या हंगामात अमेरिकेत सुमारे साडेएकवीस कोटी पौंड तांदूळ झाला, त्यातला सोळा कोटींच्या आसपास एकट्या साउथ कॅरोलायनाचा.

आणि एक तारीख. २ जून १८६३. यादवी युद्ध चालू असताना हॅरिएट टबमन, स्वतः गुलामीतून पळून सुटलेल्या, उत्तरेच्या सैन्याबरोबर नौकांतून साउथ कॅरोलायनातल्या कंबाही नदीत शिरल्या. सातशेवर माणसं खाचरांतून धावत काठावर आली आणि नौकांत चढली. कुणाच्या हातात भाताची पातेली होती, नुकतीच चुलीवरून उतरवलेली. सैन्याने मळेवाल्यांची कोठारं आणि गिरण्या पेटवल्या. हे वाचताना मला फक्त ती पातेली दिसत राहिली.

---

नलूताई

डोळ्यांत पाणी आलं.

---

वर्धेकर

आमच्या गावाचा एक धागा इथे जुळतो म्हणून लिहितो. १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला, मगनवाडीत. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. हातसडीचा तांदूळ हा संघाच्या पहिल्या कामांपैकी एक. दोन कारणं होती. गिरणीत कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर सत्त्व, हे एक. जावात आयकमन या डच डॉक्टरांना १८९० च्या दशकात कोंबड्यांवरून उमगलं होतं की पांढऱ्याशुभ्र तांदळावर राहिलं तर बेरीबेरीसारखा रोग होतो. दुसरं कारण, सडण्यावर पोट असलेल्या बायकांची मजुरी. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये भातगिरण्यांवर परवान्याचा कायदा आला, त्यामागेही हातसडीचा रोजगार जपण्याचा विचार होता.

म्हणजे मुसळाचं दुःख दोन जागी दोन तऱ्हेचं. तिकडे ते लादलेलं होतं म्हणून, इकडे ते हातून गेलं म्हणून.

---

गिरणवाला

वर्धेकर, आमच्या हलरवरच तुम्ही बोट ठेवलंत, आणि ते योग्य आहे. हलर हे मूळ एंगेलबर्ग नावाच्या ब्राझीलच्या अभियंत्याचं यंत्र, १८८५ चं. अमेरिकेत सिरॅक्यूजला त्याचा कारखाना निघाला आणि तिथून ते जगभर गेलं. जाळीच्या पन्हळीत खाचांचा लोखंडी रूळ फिरतो, बाजूला एक पातं. टरफल आणि कोंडा एकाच फेरीत निघतात आणि एकमेकांत मिसळतात. स्वस्त, आटोपशीर, एका इंजिनावर चालणारं, म्हणून गावोगाव पोचलं. पण कणी जास्त. आता रबरी रुळाचं यंत्र आलं आहे, दोन रूळ वेगवेगळ्या वेगाने उलट दिशांना फिरतात आणि दाण्याचं टरफल सोलून काढतात. ते बघितलं की वाटतं, तुमच्या आजीचं मनगट वळवणंच कुणीतरी रबरात उतरवलं आहे.

आमच्याकडे उकड्या भातात कणी कमी पडते, कारण उकडताना दाण्यातल्या चिरा सांधल्या जातात. कॅरोलायनावाले सुरय, म्हणजे न उकडलेला, पांढरा तांदूळ काढत, म्हणजे त्यांचं काम आणखी नाजूक.

---

पेणकर_काका

आता ते मळे आहेत का?

---

माहेर_आचरा

नाहीत, काका. गुलामी संपल्यावर हिवाळ्याच्या चिखलात उतरायला कुणी तयार होईना, आणि का व्हावं? मग लुइझियाना-टेक्सासच्या कोरड्या, टणक जमिनीवर यंत्रांनी भात निघू लागलं. इथल्या दलदलीत ती यंत्रं रुतत. १८९३ आणि १९११ च्या वादळांनी बांध फोडले. १९२० च्या दशकाअखेर धंदा संपला. त्यांची प्रसिद्ध सोनेरी टरफलाची जात, कॅरोलायना गोल्ड, जवळजवळ नाहीशी झाली होती. १९८० च्या दशकात रिचर्ड शुल्झ या सॅव्हानाच्या नेत्रतज्ज्ञाने टेक्सासच्या सरकारी बीज संग्रहातून थोडं बी मिळवून ती पुन्हा लावली. आता थोडी मिळते. मी आणली. पेज केली. वास आपल्या जुन्या भातासारखा, पण चव जरा दुधाळ.

टोपल्या मात्र थांबल्या नाहीत. चार्ल्सटनजवळ माउंट प्लेझंटला हमरस्त्याच्या कडेला गुल्ला समाजाच्या (त्याच गुलामांच्या वंशजांच्या) बायका अजून त्या शिवत बसतात. मी एक घेतली. विणणाऱ्या मावशींना फोनवर आमच्या सुपाचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला, काठ बघितला आणि विचारलं, ही बांबूची आहे तर कडा कशाने बांधता? मी सांगितलं, वेताने. त्या म्हणाल्या, आम्ही पामच्या पट्टीने. मग त्यांनी माझ्या हातात रिकामी टोपली दिली आणि म्हणाल्या, दाखव. मी पाखडून दाखवलं. दोनदा वर, मग पुढे झटका. त्यांनी मान हलवली, माझं कोपर धरून जरा खाली दाबलं आणि पुन्हा करायला लावलं.

---

नलूताई

आणि तुमच्या घरचं व्हायन? आहे अजून?

---

माहेर_आचरा

पडवीला फरशी घातली तेव्हा बुजवलं होतं. काल भावाला फोन केला. त्याने कोपऱ्यातली एक फरशी उचलून माती उपसली आणि आज सकाळी फोटो पाठवला. दगड शाबूत आहे. तोंड वीतभर रुंद, आत हात घातला की तळ कोपरापर्यंत लागतो, असं त्याने लिहिलं आहे. तळ काचेसारखा गुळगुळीत, पण बरोबर मधोमध नाही, जरासा डावीकडे खोल गेलेला. आजी डावखुरी होती.